ती चित्राच, पण तिचं रूप बदलताना डोळ्यांना दिसणार नाही

विट्याहून तुम्ही तीन गोष्टी एका दमात विचारल्यात: एप्रिलमध्ये जेवणं झाल्यावर गच्चीवरून पूर्व-आग्नेयेला दिसणारा निळसर पांढरा तारा कोणता, ॲप त्याला ‘स्पायका, रूपविकारी’ (म्हणजे चित्राच, तेज बदलणारी) म्हणतं तर फरक का दिसत नाही, आणि घरचे म्हणतात चित्रा ऑक्टोबरात लागते, मग ही आत्ता कशी?

आधी शेवटचं. ‘नक्षत्र लागलं’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. साधारण १० ऑक्टोबरला सूर्य चित्रात शिरतो, म्हणजे आपल्या तासगावकडे छाटणी झालेल्या द्राक्षबागेवर पाऊस आला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने फवारणीची धावपळ उडते, ते दिवस. तेव्हा तारा सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. सहा महिन्यांनी तो सूर्याच्या बरोबर समोर येतो आणि रात्रभर दिसतो. पौर्णिमेचा चंद्रही सूर्यासमोरच असतो, म्हणून त्या महिन्याची पौर्णिमा चित्रापाशी पडते आणि महिना चैत्र. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, घरच्यांशी वाद घालू नका.

खात्री करायची तर सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्या. आधी नारिंगी स्वाती, मग चित्रा. हस्ताच्या चौकोनातले वरचे दोन तारेही तिच्याकडेच बोट दाखवतात.

स्वाती-चित्राची ही जोडी अरबांनीही धरली होती. दोघी ‘सिमाक’, स्वाती भालाधारी, चित्रा निःशस्त्र. रोमनांनी तिला कन्येच्या हातातलं कणीस केलं. त्याआधी बाबिलोनमध्ये तिथे नांगराची सरी होती. चिन्यांना मात्र शेती दिसलीच नाही. त्यांच्याकडे ती अजस्र ड्रॅगनचं शिंग, आणि त्यांची अठ्ठावीस चांद्र नक्षत्रं तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे तिची देवता त्वष्टा, म्हणजे घडवणारा कारागीर. मला हे सगळ्यांत आवडतं. शिवाय १९५७ पासूनचं राष्ट्रीय पंचांग चित्रापक्षावर आहे, म्हणजे राशिचक्राची सुरुवात चित्रेवरून ठरवतं, तर टिळक पंचांग रेवतीपक्षावर, म्हणजे रेवतीवरून. दोन पंचांगांत तफावत का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता रूपविकार. चित्रा म्हणजे एकमेकांना जेमतेम ४ दिवसांत फेरी मारणारे दोन तप्त तारे, आपल्यापासून सुमारे २५० प्रकाशवर्षं दूर. १८९०मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगेल यांनी वर्णपटातल्या रेषा पुढे-मागे सरकताना पाहून हे ओळखलं. दुर्बिणीतही ते सुटे दिसत नाहीत. जवळीक इतकी, की परस्परांच्या ओढीने दोघे अंड्यासारखे लांबट झालेत. फिरताना कधी लांब बाजू आपल्याकडे येते, कधी टोक, आणि तेज काही टक्क्यांनी हलतं. एवढा फरक मोजायला प्रकाशमापक लागतो. क्षितिजाजवळ ती लुकलुकते ती आपल्याच हवेमुळे, त्याला रूपविकार समजू नका.

डोळ्यांनी बदल पाहायचाच असेल तर डिसेंबरात ययातीतला अल्गोल धरा. तोही निळसर पांढरा, आणि अरबी नाव चांगलंच भीतिदायक: राक्षसाचं डोकं. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी जोडीदार त्याच्या आड येतो आणि प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते. एरवी तो देवयानीतल्या अल्माकच्या बरोबरीचा. ग्रहणाची वेळ आधी काढून ठेवा, दर अर्ध्या तासाने दोघांची तुलना करा आणि वहीत लिहा.