‘पूर्ण संख्या’ की ‘परिपूर्ण संख्या’?

‘३,३५,५०,३३६ ही पूर्ण संख्या आहे असे वाचले, पण अपूर्णांक नसलेली प्रत्येक धन संख्या पूर्णच असते, मग हिचे वेगळेपण ते काय?’ असा प्रश्न विचारला गेला आहे. शंका अगदी रास्त आहे. चूक वापरलेल्या शब्दात आहे.

शालेय गणितात ‘पूर्ण संख्या’ ही संज्ञा ०, १, २, ३… या संख्यांसाठी केव्हाच रूढ झाली आहे. तेथे ‘पूर्ण’ म्हणजे अखंड, न तुटलेले. प्रस्तुत संख्येचा गुण निराळा आहे: ती स्वतः वगळता तिचे जे २५ विभाजक उरतात, त्यांची बेरीज नेमकी तिच्याइतकीच भरते. या गुणासाठी ‘परिपूर्ण संख्या’ असेच म्हणावे. ‘पूर्ण’ हा शब्द भरणे या अर्थाच्या ‘पॄ’ धातूपासून आला आहे आणि ‘परि’ या उपसर्गाने त्याला ‘सर्व बाजूंनी’ असा अर्थ मिळतो. ८ च्या विभाजकांची बेरीज (१ + २ + ४) एकाने उणी पडते, १२ च्या विभाजकांची १६ होऊन वर सांडते, तर २८ ची (१ + २ + ४ + ७ + १४) काठोकाठ भरते. बेरीज ‘भरते’ असे आपण एरवीही म्हणतोच, त्यामुळे ही संज्ञा मला विशेष समर्पक वाटते. ‘पूर्ण वर्ग’ या प्रयोगाशी तिचा विरोध येत नाही, कारण तेथे ‘पूर्ण’ हे वर्गाचे विशेषण आहे.

१ पासून दुप्पट होत जाणाऱ्या पदांची बेरीज मूळ संख्या आली, तर तिला शेवटच्या पदाने गुणले असता परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने सिद्ध केले. १ ते ४०९६ या तेरा पदांची बेरीज ८१९१ येते, ती मूळ आहे, आणि ४०९६ × ८१९१ म्हणजेच आपली संख्या. ६, २८, ४९६ आणि ८१२८ यांच्यानंतर एकदम आठ अंकी संख्येवर उडी पडते, कारण मधल्या बेरजा मूळ निघत नाहीत. अकरा पदांची २०४७ ही बेरीजसुद्धा २३ × ८९ अशी फुटते. १ पासून १२७ पर्यंतच्या सर्व विषम संख्यांच्या घनांची बेरीजही ३,३५,५०,३३६ इतकीच भरते, आणि या संख्येच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे पुन्हा एक परिपूर्ण संख्याच, येते.

तेव्हा ते वाक्य ‘३,३५,५०,३३६ ही पाचवी परिपूर्ण संख्या आहे’ असे लिहावे.