कुंडीतला वाफसा मिश्रण झाल्यावरच मोजायचा

ताई, तुमचं मिश्रण तीन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग बारीक वाळू, एक भाग गांडूळखत; कुंडी आठ इंची, तळाशी खडी. तरी पावसाळ्यात मिरची पिवळी पडून मान टाकते आणि उपटली की मुळं तपकिरी, कुजकट वासाची निघतात. सगळे घटक चांगले असून असं का, हा तुमचा प्रश्न. उत्तर वाफशात आहे, म्हणजे मुळांभोवती ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्यात.

घटक चांगलेच आहेत, पण मिश्रणाचे गुण म्हणजे घटकांच्या गुणांची बेरीज नव्हे. एक वाटी छोल्यांत एक वाटी रवा मिसळून पाहा, दोन वाट्या भरत नाहीत. रवा छोल्यांमधल्या फटींत उतरतो. तुमच्या कुंडीत बारीक वाळू आणि गांडूळखत कोकोपीटच्या मोठ्या फटींत असेच जाऊन बसलेत, आणि मुळांना हवा मिळते ती नेमकी त्याच मोठ्या फटींतून. लहान फटी पाणी सोडत नाहीत. शिवाय कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे गच्चीवर ओझं वाढलं ते वेगळंच.

पर्लाइट, म्हणजे फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे, चिमूटभर घालूनही भागत नाही. दाणे थोडे असले तर ते कोकोपीटमध्ये सुटे सुटे अडकून राहतात. दाण्याला दाणा टेकू लागला की मगच मध्ये पोकळी राहते. म्हणून जाड घटक घालायचा तर चांगला तिसरा हिस्सा तरी घाला. मला स्वतःला पर्लाइटपेक्षा नारळाच्या सोडणाचे अर्ध्या इंचाचे तुकडे आवडतात. स्वस्त पडतात आणि पाणी घालताना वर तरंगून येत नाहीत. ते आणि कोकोपीट दोन्ही आधी धुऊन घ्या, क्षार असतात. गांडूळखत मी दहा टक्क्यांच्या वर नेत नाही.

आता खडी. शेतात पाणी खोल उतरतं आणि वाफसा आपोआप येतो. कुंडीला तळ असतो, तिथे पाणी अडतं आणि तळालगतचा काही इंचाचा थर चिंब राहतो. या थराची उंची मिश्रणाच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे तेच मिश्रण उंच कुंडीत चालतं आणि उथळ कुंडीत मुळं कुजवतं. खडी घातली तरी बारीक फटींतलं पाणी खडीच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही. चिंब थर तेवढाच राहतो, फक्त खडीच्या वर सरकतो. मुळांची जागा तेवढी कमी होते. सुरुवातीला मीही जर्बेराच्या कितीतरी कुंड्या खडी घालून गमावल्या, आणि अजून कुणी खडी भरताना दिसलं की जीव हळहळतो.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. रिकाम्या कुंडीत मिश्रण जिथवर भरता तिथे आतून रेघ मारा, भोक चिकटपट्टीने बंद करून रेघेपर्यंत किती पाणी मावतं ते लिहून ठेवा. समजा 4 लिटर. मग ओलसर मिश्रण न दाबता रेघेपर्यंत भरा, कडेने हळूहळू पाणी सोडा, रात्रभर ठेवा आणि पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत पुन्हा भरा. खाली तगारी ठेवून पट्टी काढा. तासाभरात जेवढं निथळलं तेवढी मुळांना मिळणारी हवा. 4 लिटरमागे 240 मिली निथळलं तर 6 टक्के, हे फारच कमी. साधारण 10 ते 30 टक्के हवा हवी. पावसात उघड्यावर राहणाऱ्या मिरचीला मी 20 च्या पुढेच धरतो. निथळल्यावर कुंडीसकट वजन करा, मिश्रण उन्हात खडखडीत वाळवून त्याच कुंडीसकट पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम फरक, तितके मिली पाणी त्याने धरलं होतं. ते रेघेपर्यंतच्या मापाच्या 45 ते 65 टक्के असावं. चार-सहा महिन्यांनी हीच मोजणी परत करा, कारण कोकोपीट आणि खत कुजून बारीक होतं, मिश्रण खाली बसतं आणि हवा घटते.

सध्याची झाडं भर पावसात उपटू नका. कुंड्या विटांवर ठेवा आणि भोकातून जाड सुती नाडी आत मिश्रणाला टेकेल अशी खुपसून खाली चार-पाच इंच लोंबू द्या. तळात अडलेलं बरंच पाणी त्या नाडीवाटे ठिबकून जाईल. वरचा थर कोरडा दिसला म्हणून लगेच पाणी घालू नका, आधी कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या.

मोजल्यावर दोन्ही आकडे आणि मिश्रणाची कुंडीतली उंची कळवा, म्हणजे तुकडे किती वाढवायचे ते नेमकं सांगता येईल.