आधी दारू की आधी डिप्रेशन?

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, नोकरी गेल्यापासून रोज क्वार्टर, कधी दोन. झोप नाही, गप्पगप्प असतो, परवा म्हणाला मी नसलेलाच बरा. मनाचे डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडवून आणा, व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी डोक्याचं बघा, आमच्या नुसत्या चकरा. शेजारच्या काकूंनी चहातून द्यायची पावडर आणून दिलीय, त्याला कळणारही नाही म्हणे. देऊ का?
– एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : नका देऊ, पावडर आजच फेकून द्या. त्यात डायसल्फिरम, म्हणजे दारू सोडवायचं औषध, असलं आणि वरून तो प्यायला तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, जीवही जाऊ शकतो. औषध खरंच आहे हो ते, पण पेशंटला सांगून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं.

आणि घरात कोंडून एकदम बंदही करू नका, रोज पिणाऱ्याची अचानक तुटली की हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास होऊन माणूस भलतंच बरळायला लागतो.

'मी नसलेलाच बरा' हे दारूचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. मरायचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात येत नाहीत ते. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच दुसरीकडे हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

आता आधी काय. काही नाही, दोन्ही एकत्र! झोप नाही म्हणून पितो, पितो म्हणून झोप आणखी बिघडते, मग आधी कुठलं सुटणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू-ड्रग्जमुळे होणारे मनाचे त्रास मानसिक आजारातच धरलेत, तरी हे इकडून तिकडे पाठवणं चालूच, माझा जाम संताप होतो. गोव्यात 'संगत' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांकडून पिणाऱ्या पुरुषांशी बोलणं करून घेतलं, जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के सावरले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. पण ते मधल्या पायरीवरचे पिणारे होते, तुमच्या भावाला बहुतेक डॉक्टर आणि औषधं लागतीलच.

तर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जा, आतापर्यंतचे सगळे कागद एकाच पिशवीत घ्या, आणि गेल्या गेल्या दोन्ही सांगा, दारू रोज किती आणि तो परवा काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. परत 'आधी ते करून या' म्हणाले तर हलू नका, तसं केसपेपरवर लिहून द्या म्हणायचं.