सफरचंदाच्या सालीतली बुरशी: एक झाड वाळतं, शेजारचं कसं वाचतं?

प्रश्न: नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जपानात आओमोरीला राहतो. शेजारच्या आजोबांची फुजी सफरचंदाची बाग आहे. काही झाडांची साल तपकिरी, मऊ पडते, आंबूस दारूसारखा वास येतो आणि ते त्यावर चिखल थापून प्लास्टिक गुंडाळतात. पण एक झाड वाळतं आणि शेजारचं ठणठणीत, मग बुरशीच कमीजास्त जहाल असते का?

उत्तर: असते ना ताई, पण अर्धी गोष्ट झाडाची पण आहे. तुम्ही सांगताय त्यावरून हा वाल्सा कँकर, म्हणजे साल कुजवणारा रोग वाटतोय, बुरशीचं नाव वाल्सा माली, चीन, जपान, कोरियात सफरचंदवाल्यांची झोप उडवणारी. (आपल्याकडच्या लिंबावरच्या खैऱ्यालाही कँकर म्हणतात, पण तो जिवाणूमुळे होतो, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.) धडधाकट साल फोडून आत घुसायची हिची काही ताकद नाही, छाटणीची जखम, थंडीने पडलेली चीर असं काहीतरी लागतं, आणि आत गेल्यावरही बरेचदा कुठलंच लक्षण न दाखवता गप्प पडून राहते.

एकदा सुरू झाली की मात्र खरी करामत दिसते. सालीच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन ही एन्झाइमने विरघळवते, म्हणून साल बोटाने दाबली की आत जाते. चीनमधल्या यांगलिंगच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये हिचा जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा आराखडा, प्रसिद्ध केला, त्यात पेक्टिन तोडणारी जीन्स भरपूर निघाली. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे सफरचंदाच्या सालीत फ्लोरिडझिन नावाचं द्रव्य मुळातच खूप असतं, ही बुरशी ते तोडते आणि त्यातून जे पदार्थ बनतात तेच झाडाच्या पेशींना विषारी, म्हणजे घरचाच माल आणि घरच्यांनाच विष!

आता जहालपणा मोजतात कसा, तर तोडलेल्या फांदीवर छोटी जखम करायची, वेगवेगळ्या बागांतून आणलेल्या बुरशीची एकेक चकती त्यावर ठेवायची, ओलावा टिकवायचा आणि काही दिवसांनी डाग किती लांब गेला ते पट्टीने मोजायचं. फांद्या एकाच जातीच्या असल्या तरी डाग कमीजास्त येतात, तो फरक बुरशीचा. पण बागेत तीच बुरशी पोटॅशियम कमी असलेल्या, थंडीने किंवा जास्त फळं धरून थकलेल्या झाडावर सुसाट जाते आणि दमदार झाडावर अडकून बसते. तुमच्या आजोबांच्या बागेत बहुतेक हेच चाललं असणार, एवढ्या जवळच्या झाडांवर बुरशी अगदी वेगवेगळी असण्यापेक्षा हे जास्त पटतं.

चिखलाचं म्हणाल तर ती तिकडची जुनी पद्धत आहे, अंधश्रद्धा नाही, मातीतले सूक्ष्मजीव बुरशीला दाबतात. फक्त चिखल डागाच्या कडेच्या पलीकडे, चांगल्या सालीवरही यायला हवा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि छाटलेल्या रोगट फांद्या बागेत पडू देऊ नका म्हणावं आजोबांना, पाऊस झाला की त्यांच्यावरच्या बारीक पुटकुळ्यांतून पिवळे-नारिंगी धागे बाहेर येतात, ते सगळे बीजाणूच, म्हणजे बुरशीच्या बियाच म्हणा ना.