जिमनीला दोन इंच लिफ्ट, घराला सहा लाखांचा विमा

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून आलेलं पत्र थोडक्यात असं:

‘वय ३४. अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. पगार हातात ७२ हजार. फ्लॅटचं कर्ज २८ लाख बाकी, पाच दारांच्या मारुती जिमनीचे ९ लाख बाकी. गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट बसवायचं आहे. स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर मिळून ६५ हजार. गॅरेजवाला बसवायचे १४ हजार मागतो. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, मित्राला घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारात काम उरकीन. जॅक, स्टँड, स्प्रिंग कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच यांना २२ हजार लागतील, पण पुढे ग्रुपमधल्या चार गाड्या मीच करून दिल्या की वसूल. खात्यात ८५ हजार आहेत, त्यांना हात लावायचा नाही, म्हणून किट कार्डावर बारा हप्त्यांत. रीसेलही वाढेल. घरी करू की गॅरेजला देऊ? बाकी सगळं सेट आहे. बँकेतूनच पॉलिसी घेतली आहे, वर्षाला ६० हजार, बारा वर्षं भरायचे, तीन हप्ते झाले. विसाव्या वर्षी १५ लाख मिळतील, सहा लाखांचं कव्हरही त्यातच आहे. कंपनीचा दहा लाखांचा विमा वेगळा. घरी आई, पत्नी (मुलीसाठी नोकरी सोडली) आणि तीन वर्षांची मुलगी.’

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गॅरेजला द्या. १४ हजार वाचवायला २२ हजारांची हत्यारं घेणं म्हणजे पहिल्या गाडीवर आठ हजारांचा तोटा. उरलेल्या चार गाड्यांचं म्हणाल, तर दुसऱ्याच्या गाडीची स्प्रिंग तुम्ही बसवली आणि कसाऱ्याच्या उतारावर काही झालं, तर जबाबदारी कोणाची, हे मित्रांना आधी विचारून बघा. तो धंदा नाही. शिवाय कॉम्प्रेसरचा खर्च बहुधा फुकटच आहे. जिमनीला पुढे-मागे सलग अॅक्सल आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा; स्प्रिंग शॉकपासून वेगळी बसते. शॉक सोडून अॅक्सल खाली घेतला की ती निघते. खरी जोखीम जॅकची. चॅसिसखाली स्टँड न लावता नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणारा डिप्लोमावाला असो की वस्ताद, जॅक दाबून खाली बसला तर दोघांची गत एकच. अॅक्सल खाली सोडताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते. स्प्रिंगा बदलल्यावर पॅनहार्ड रॉडमुळे (अॅक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) अॅक्सल थोडा बाजूला जातो, कॅस्टर (पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन) बदलतो आणि स्टिअरिंग हायवेवर हलकं लागतं. कॅस्टर जागेवर आणणाऱ्या बुशा आणि अलाइनमेंट तुमच्या ६५ हजारांत धरलेले दिसत नाहीत. आणखी एक गोष्ट: सलग अॅक्सलच्या गाडीत स्प्रिंगने बॉडी उचलली जाते, डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) नाही. ते जमिनीपासून तेवढंच राहतं. ते वर घ्यायचं तर मोठे टायर हवेत, म्हणजे आणखी खर्च. २५९० मिमी व्हीलबेसच्या गाडीचं पोट उंचवट्यावर टेकू नये, यासाठी लिफ्टचा उपयोग आहे, आणि तुम्ही भावली-त्र्यंबककडच्या वाटांवर खरंच जात असाल तर तो कळेलही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. किटचे पैसे देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा आणि गाडीच्या विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्यावरच उलटतो. आणि रीसेल वाढेल ही आशा सोडा. जुनी गाडी घेणारा लिफ्ट पाहिली की आधी विचारतो, हिला कुठे कुठे आपटलंय.

कार्डाचे हप्तेही नकोत. ६५ हजारांवर सोळा टक्क्यांनी वर्षाचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून सात हजार. हप्ता येईल ५,९००. तुमच्या पगारात घराचे साडेचोवीस हजार, गाडीचे साडेचौदा, पॉलिसीचे महिना पाच धरले की २८ हजार उरतात आणि त्यात चार माणसांचं घर चालतं. त्यात ५,९०० ची जागाच नाही.

आता तुमचं ‘बाकी सगळं सेट आहे’ हे वाक्य घेऊ. पत्र मी तीनदा वाचलं ते या वाक्यासाठी.

समजा त्या रविवारी जॅक बसला. किंवा जॅकचं सोडा, सोमवारी द्वारका चौकात एखादा ट्रक आला. घरात येणार सहा लाख, कंपनीचे दहा लाख. एकूण सोळा. देणं ३७ लाखांचं. गाडी विकून सात आले तरी चौदा लाख कमी पडतात. म्हणजे फ्लॅट जातो, आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन दोन बायका भाड्याच्या घरात, खात्यातल्या ८५ हजारांवर. तेही नोकरी असतानाच काही झालं तर. नोकरी सुटली की कंपनीचे दहा लाखही गेले. तुम्ही स्प्रिंगांच्या १४ हजारांचा हिशेब पानभर मांडलात आणि हा हिशेब मांडलाच नाही. मला याची काळजी वाटते, कारण तुमच्या वयाच्या दर दुसऱ्या पत्रात हेच असतं.

दोष एकट्या तुमचा नाही. गृहकर्जाची फाइल टेबलावर असताना जो तुमच्यासमोर बसला होता, त्याला तुमच्यावर लाखोंच्या कर्जाचं ओझं येणार हे माहीत होतं. त्याने विमा म्हणून सहा लाख विकले आणि हप्ता घेतला ६० हजार. तेवढ्याच पैशात सव्वा कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, परतावा नसलेला) येऊन ४० हजार शिल्लक राहिले असते. हे त्याला ठाऊक होतं. मला या विक्रीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

‘विसाव्या वर्षी १५ लाख’ म्हणून जे दाखवलं तेही तपासू. बारा वर्षांत भरणार ७ लाख २० हजार. विसाव्या वर्षी १५ लाख मिळाले तर तो वर्षाला जेमतेम पाच टक्के परतावा. तेवढेच पैसे ७.१ टक्क्यांच्या पीपीएफमध्ये वीस लाखांच्या आसपास होतात. बरं, हे १५ लाख पॉलिसीच्या कागदावर आहेत का? काढून बघा. तिथे सहा लाख आणि ‘जाहीर होईल तो बोनस’ एवढंच असणार. पंधरा हा आकडा पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलेला असतो. बारा लाख मिळाले तर परतावा साडेतीन टक्के.

मग मोडायची का? इथे मी थांबलो आणि आकडे पुन्हा मांडले. तीन हप्त्यांनंतर किमान ३५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजारांतले ६३ हजार परत येतील. ते आणि उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तर विसाव्या वर्षी साडेपंधरा लाख होतात. म्हणजे पेन्सिलीतले पंधरा लाख खरे धरले, तर चालू ठेवणं आणि मोडणं जवळपास सारखंच. गेलेले १ लाख १७ हजार गेलेच. पण त्या आकड्यावर माझा भरवसा नाही, आणि तुमची खरी अडचण परताव्याची नाहीच. तुमच्या महिन्यात मोकळे होण्याजोगे पैसे फक्त या पाच हजारांत आहेत. म्हणून माझं मत: मोडा, पण आज नाही.

आधी टर्म विमा. कर्ज ३७ लाख, घरखर्च महिना २८ हजार धरून वीस वर्षांचे ६७ लाख, शिवाय मुलीचं शिक्षण. सव्वा कोटी, साठ वर्षांपर्यंत. तुम्ही तंबाखू खात नसाल आणि तब्येत धड असेल, तर वर्षाला १५ ते २० हजारांत बसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटीही नाही. फॉर्ममध्ये धोक्याच्या छंदांचा प्रश्न असतो, तिथे ऑफ-रोडिंग लिहा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, लपवू नका. फॉर्म भरतानाच १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली पत्नी आणि मुलीच्या नावे पॉलिसी करून घ्या, म्हणजे ते पैसे कर्जदात्याच्या हाती जात नाहीत. हे नंतर करता येत नाही. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका. मेडिकलमध्ये काही निघालं तर ते सहा लाखही आधार आहेत.

पॉलिसी आली की जुन्या कंपनीकडून सरेंडर (मोडली तर आत्ता मिळेल ती) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळेल ती), दोन्ही रकमा लेखी मागवा. सरेंडरचे ६३ हजार (किंवा जे जास्त निघतील ते) तुमच्या ८५ हजारांत घाला. दीड लाख झाले. वाचलेल्या ६० हजारांतून १८ टर्मला, ४२ याच खात्यात. सव्वा वर्षात दोन लाख होतील, म्हणजे हप्ते धरून तीन महिन्यांचा खर्च.

त्यानंतरचा दिवाळीचा बोनस लिफ्टसाठी ठेवा. रोखीने, बुशा आणि अलाइनमेंट धरून, गॅरेजमध्येच. तोवर शॉक आहेत ते चालतील. आणि या आठवड्यात एका संध्याकाळी पत्नीला समोर बसवून दोन्ही कर्जांचे कागद, पॉलिसी आणि नॉमिनीचं नाव दाखवा. पॉलिसी लग्नाआधीच्या एखाद्या फॉर्मवरून भरली असेल, तर नॉमिनी कोण आहे ते तुम्हालाही नक्की आठवत नसेल.