पहिल्या पावसाच्या भरवशावर पेरणी नको

धुळे-जळगावकडच्या शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या भागांतून सध्या बहुतेक एकच प्रश्न येतो आहे: "मृग लागला, एक जोरदार पाऊस झाला, शेजाऱ्याने कपाशी टोबलीसुद्धा. आम्ही थांबायचं का?"

कोरडवाहू असाल तर थांबा. सलग दोन-तीन दिवसांत मिळून किमान 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय बियाण्याची पिशवी फोडू नका. भारी काळ्या जमिनीत तर 100 मिमीच धरा. उन्हाळाभर भेगाळलेली जमीन पहिलं पाणी भेगांतून खाली घेते आणि वर दोन बोटं ओल राहते. तेवढ्यावर बी उगवतं, मग आठ दिवस वारा आणि ऊन लागलं की कोंब जळतो. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर घ्यावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा जरूर पाहा, पण आपल्याकडे एका शिवारात पाणी वाहतं आणि पलीकडचं शिवार कोरडं राहतं. म्हणून सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवा आणि साचलेलं पाणी पट्टीने मोजा: एक सेंटिमीटर म्हणजे 10 मिमी. शिवाय वीतभर खणून मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. हाताला चिकटत असेल तर अजून एखादा दिवस जाऊ द्या.

"मुंबईत मान्सून आला, मग इथे का नाही?" असंही काहींनी विचारलं आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवरच बरसून जातात. नवापूर, अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरपट्ट्याला त्यातलं बरंच मिळतं. धुळे-शिंदखेडा-अमळनेर हा पट्टा मात्र पर्जन्यछायेत येतो. आपल्याला भिजपाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावरून सरकतो तेव्हाच मिळतो. पेरणीआधी त्याचा अंदाज बघा.

पाऊस लांबलाच तर? मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच पेरा, कोरडवाहू कपाशी 15 जुलैच्या पुढे नको. त्यानंतर कपाशीचा हट्ट सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल किंवा एरंडीकडे वळा. बाजरी-तूर आंतरपीक मला सर्वांत भरवशाचं वाटतं, कारण एक हुकलं तरी दुसरं हाती लागतं. घरात चाराही येतो.

उगवणीनंतर पावसाचा खंड पडला तर कोळपणी (ओळींमधली माती कोळप्याने हलवणं) थांबवू नका. वरची माती भुसभुशीत राहिली की भेगा बुजतात आणि ओल टिकते. कपाशीत शेवटच्या कोळपणीला कोळप्याच्या जानोळ्याला (पासेच्या दांड्याला) दोर बांधून सऱ्या पाडा. कोरड्या जमिनीत युरिया टाकू नका. पीक दुपारी माना टाकू लागलं की 13:0:45 हे विद्राव्य खत 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. विहिरीत थोडं पाणी असेल तर एक आड एक सरी भिजवा.

ऑगस्टमध्येही असा खंड पडू शकतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. त्यामुळे जुलै चांगला गेला तरी शेततळ्यातलं पाणी तेव्हासाठी राखून ठेवा.

भडगाव-चाळीसगावच्या कालवाधारकांसाठी एवढंच: गिरणा धरण मुख्यतः कळवण-बागलाणकडच्या पावसावर भरतं. रब्बीचं नियोजन स्वतःच्या शिवारातल्या पावसावरून नव्हे, धरणाच्या साठ्यावरून करा.