वाड्याचं कला केंद्र होतंय, गल्लीत दोन अर्ज फिरतायत. सही कशावर करू?

तूर्त कशावरच नको.

तुम्ही लिहिलंय की दांडिया बाजारात भाड्याने येऊन तुम्हाला आठ महिने झालेत. समोरच्या जुन्या वाड्यात एक ट्रस्ट कला केंद्र काढणार म्हणे, त्यावरून गल्लीत दोन तट पडलेत, पाठिंब्याचा आणि विरोधाचा असे दोन्ही अर्ज तुमच्या दारी येऊन गेले आणि दोन्ही आणणारी माणसं तुम्हाला चांगलीच वाटली. मी बडोद्याचीच. त्याच भागात वाढले, सासरही चालत दहा मिनिटांवर. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे हाच प्रसंग आला तेव्हा पाठिंब्याच्या अर्जावर पहिली सही माझी होती. सही कसली, अर्ज लिहिलाच मी. त्याचं पुढे काय झालं ते सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

अर्ज झकास उतरला होता. त्यात सयाजीराव महाराज होते, १८८६ ची गायनशाळा आणि गायक मौलाबक्ष होते, १८९० चं कलाभवन होतं, दरबारगायक फैयाज खाँ होते, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं होती, १९५० मध्ये सुरू झालेली फाइन आर्ट्स फॅकल्टी आणि तिथे शिकवायला आलेले इंदूरचे चित्रकार बेंद्रेही होते. 'संस्कारनगरी' हा शब्द तीनदा आला होता. छपराचा उल्लेख एकदाही नव्हता. तीस वर्षं बँकेत लोकांच्या कर्जाचे कागद तपासले मी, तारण काय, जामीन कोण, हे विचारल्याशिवाय फाइल पुढे सरकवली नाही. आणि आपल्याच गल्लीच्या कागदावर भाषण लिहून मोकळी झाले.

वाडा तुमच्या समोरच्यासारखाच असणार. सागाचे खांब, विटा-चुन्याच्या भिंती, मधे चौक, वर एक माडी आणि त्यावर नळीची कौलं. मालकांची मुलं-नातवंडं पुण्यात आणि परदेशात. ती ना वाडा विकत होती, ना दुरुस्त करत होती. खाली रस्त्याच्या बाजूला दोन दुकानं भाडोत्र्यांची. बाकी कबुतरं.

सभा मारुतीच्या देवळापुढे झाली. विरोधकांचं म्हणणं तीन गोष्टींवर: आवाज, गाड्या आणि बाहेरची पोरंपोरी. सगळ्यांत तावातावाने बोलले ते खालच्या दुकानातले शिंपीकाका. दिवसभर मशीन खडखडवणारा माणूस तबल्याला घाबरतो म्हणजे कमालच, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. लोक हसले. आता ते आठवलं की मान खाली जाते.

कारण काकांना तबल्याची भीती नव्हतीच. दुकान वडिलांच्या वेळचं, भाडं महिन्याला दोन-चार चहांइतकं, पावती अजून वडिलांच्याच नावाने फाटायची. जुन्या भाडोत्र्यांना तेव्हा १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा धरून ठेवायचा, गुजरातेतही तोच चालत आला होता. पण एकदा 'दुरुस्तीसाठी' म्हणून दुकान रिकामं केलं की परत आत यायला वकील लागतो, आणि वकिलाची फी दोन-चार चहांत भागत नाही. हे काका सभेत कसं बोलणार? 'माझं भाडं फार कमी आहे, मला काढतील' असं चारचौघांत कोणी म्हणत नाही. आवाजाबद्दल बोलणं सोपं. आमच्या बाजूला तरी कुठे सगळे कलेचे उपासक होते! एकाचा मंडप-केटरिंगचा धंदा, एकाला वाटत होतं शेजारी केंद्र आलं की आपल्या घराला भाव येईल, आणि मला आमच्या हौशी नाटकाच्या तालमींना फुकट जागा हवी होती. दोन्ही अर्जांवर खरं कारण कुणीच लिहिलं नव्हतं. तुमच्याकडच्या अर्जांतही नसेल.

केंद्र झालं. पहिलं दीड वर्ष खरंच छान गेलं. सकाळी तबला, संध्याकाळी मुलांची चित्रकला, महिन्यातून एकदा आम्ही एकांकिका वाचायचो. माडीवरून चौकात पाय सोडून बसलेली पोरं अजून डोळ्यांपुढे आहेत. मग ट्रस्टला मिळणारी देणगी आटली. चौक आधी प्रदर्शनाला जाऊ लागला, म्हणजे कुर्त्या आणि चादरींच्या सेलला. त्यानंतर वाढदिवस, मग हळदी. हळदीच्या दिवशी तबल्याचा वर्ग रद्द. नंतर नंतर हळद नसली तरी रद्द, कारण सरांनीच येणं सोडलं.

भिंतींचं काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यांत मोठं नुकसान तिथे झालं आणि आम्हाला कुणालाच ते दिसलं नाही. उद्घाटनाआधी ट्रस्टने जुना चुन्याचा गिलावा खरवडला, वर सिमेंटचं प्लास्टर मारलं आणि त्यावर चकचकीत ऑइलपेंट. फोटो सुरेख आले. चुन्याची भिंत पावसाचं पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडूनही देते. सिमेंट आणि ऑइलपेंटने तिचं तोंड बंद केलं की आत शिरलेलं पाणी बाहेर यायची वाट शोधतं, आणि ते जाऊन मुरतं कुठे, तर तुळयांच्या भिंतीत रोवलेल्या टोकांत. साग मजबूत असला तरी वर्षानुवर्षं ओला ठेवला तर कुजतो, वाळवीही तिथेच येते. तिसऱ्या पावसाळ्यात माडीच्या एका खोलीतलं प्लास्टर ताटाएवढ्या पापुद्र्यांनी पडायला लागलं. ट्रस्टने काय केलं? फॉल्स सीलिंग लावलं. गळती दिसेनाशी झाली आणि पाणी निवांतपणे आपलं काम करत राहिलं. चुन्याचं काम जाणणारा एक म्हातारा गवंडी शेवटी आणला तेव्हा त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर तुळईच्या टोकाला लावला, तो दांड्यापर्यंत आत गेला.

आणि ओटा. वाड्याच्या बाहेरचा लांब ओटा म्हणजे संध्याकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्यांची बैठक. माझी आईसुद्धा तिथेच बसायची, भाजी निवडत. केंद्राने तिथे लोखंडी जाळी बसवली, कारण येणारी मुलं ओट्याला टेकवून बाइक उभ्या करायची. कारण खोटं नव्हतं. पण त्यानंतर आई घरातच बसू लागली, आणि ज्या वाड्याला 'लोकांसाठी खुला करा' असं मी लिहिलं होतं त्याच्या दारात बसायची जागासुद्धा लोकांना उरली नाही. मला इतर कशाहूनही हे जास्त लागलं.

मग विरोधाचा अर्ज बरोबर होता का? तसंही मला वाटत नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असाच एक वाडा होता, तिथे विरोध जिंकला. चार वर्षं कुलूप राहिलं, एका ऑगस्टात मागची भिंत बसली, आता तिथे खाली शटरवाली दुकानं आणि वर फ्लॅट आहेत. बडोद्यात गायकवाडांचा नजरबाग पॅलेससुद्धा टिकला नाही, तिथे गल्लीतल्या वाड्याची काय कथा! रिकामं राहणं हे जुन्या लाकडाला सगळ्यांत वाईट. न्यायमंदिराचंच बघा. लहरीपुरा दरवाज्यापाशी, सूरसागर तलावाजवळ उभी असलेली ती १८९६ ची इमारत, मुळात बाजारासाठी बांधलेली, महाराणी चिमणाबाईंच्या नावाची. शतकभराहून जास्त तिथे कोर्ट भरलं. म्हणजे वापर बदलला म्हणून इमारत मेली नाही, उलट रोज शेकडो माणसं पायऱ्या चढली म्हणून जिवंत राहिली. २०१८ मध्ये कोर्ट नव्या जागी गेलं, आणि तेव्हापासून संग्रहालय करा, अमुक करा, यावर शहरात बोलणं सुरू झालं. तिकडे गायनशाळा, तिचं नाव बदललं, विद्यापीठात गेली, परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी झाली, पण सूरसागरसमोरून सकाळी जाताना आजही आलाप कानावर येतात. त्याला कारण तिथे रोज ठरल्या वेळी शिकणारी मुलं येतात. उत्सव, महोत्सव यांनी इमारत वर्षातून चार दिवस झाडली जाते. वर्ग असला की रोज.

म्हणून ट्रस्टकडून उद्घाटनाची पत्रिका मागू नका, वेळापत्रक मागा. आठवड्यात किती वर्ग, कोण शिकवणार, फी किती, गल्लीतल्या मुलांना किती. वर्ग थोडे आणि 'कार्यक्रमांसाठी उपलब्ध' असं बरंच काही दिसलं तर समजा की हळदी येतायत. आणखी एक. राज्य सरकारच्या २०२० च्या हेरिटेज पर्यटन धोरणात १ जानेवारी १९५० पूर्वीच्या ऐतिहासिक वास्तूंमध्ये हेरिटेज हॉटेल, संग्रहालय, बँक्वेट हॉल, रेस्टॉरंट या सगळ्यांना एकाच दमात जागा दिली होती. तेव्हा ट्रस्टने नेमका कशासाठी अर्ज केलाय, तो कागद डोळ्यांनी बघा. 'कला केंद्र' हे बोलण्यातलं नाव असू शकतं.

आवाजाचं भांडण मात्र उगाच वाढवलं जातं, त्याला नियम आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाला वेगळी सवलत आहे, आणि ट्रस्टवाले तिचाच आधार घेतात. पण वाड्याचा चौक वरून उघडा असतो, त्याला बंदिस्त कसं म्हणायचं, हे सभेत शांतपणे विचारा. आमच्याकडे या एका प्रश्नावर दहाच्या आत सगळं आटपायचं ठरलं.

तुमचा वाडा रावपुऱ्याच्या अंगाला असेल तर तांबेकर वाड्यापासून अंतरही मोजून घ्या. तो वाडा त्यातल्या भित्तिचित्रांसाठी पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये बांधायचं तर परवानगी घेऊन. वाड्याच्या मागे 'छोटंसं सभागृह' बांधायचा विचार असेल तर तो इथेच अडकेल.

आमच्या वाड्याचं आज काय, असं विचाराल. अर्धं-मुर्धं सावरलं. काकांच्या दुकानात बसून, हो, त्यांच्याच, आम्ही आठ-दहा जणांनी ट्रस्टशी पुन्हा बोलणी केली. भाडोत्र्यांची नावं आणि जागा लेखी झाली. मी काकांची माफी मागितली, ते म्हणाले, 'जाऊ दे बेन, ब्लाउज कधीचा शिवून पडलाय, घेऊन जा.' चावीचा एक जोड गल्लीतल्या एका घरी असतो. जाळीचं दार चार ते आठ उघडं असतं, पण ओट्यावर बसणारी पिढी तोवर जवळजवळ संपली होती, आई तर नव्हतीच. हळदी बंद झाल्या. दोन खोल्यांत पुन्हा चुना लावला, बाकीच्यांचे पैसे जमतील तसं. तबला सुरू आहे, चित्रकला नाही.

तर सही मागायला पुन्हा कोणी आलं, कुठल्याही बाजूचं, की म्हणा, आधी मला माडीवर नेऊन दाखवा. टॉर्च आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर बरोबर ठेवा, तुळया भिंतीत शिरतात तिथे टोचून बघा, आणि विचारा की दर जूनला कौलं चाळायचा खर्च कोणाच्या खात्यातून निघणार. आता दुसरी गोष्ट. विरोधाच्या अर्जावर पहिलं नाव ज्यांचं आहे ते वाड्यातलेच भाडोत्री आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर माडीवर जाण्याआधी त्यांच्याकडे जा.